कंडेन्सरला दोन उन्हं

माझ्या हातून सुधारली नाही अशी मोटर अड्याळच्या पंचक्रोशीत नाही, असं मी वीस वर्षं सांगत आलो. सांगत काय, बढाया मारत आलो. शेतातले पाण्याचे पंप, जळालेल्या मोटरींचं वायंडिंग, हा माझा धंदा. बाजाराच्या रस्त्यावर दुकान, अन् गावाबाहेर थोडी धानाची शेती. लोक जळकी मोटर खांद्यावर टाकून आणतात, मी झाकण खोलून नुसता वास घेतो अन् सांगतो, कुठली कॉइल गेली. हे खरं आहे, यात खोटं काही नाही. खोटं पुढे येईल.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या गाडीचा एसी बंद पडला. आता कुणी म्हणेल, एवढं काय आभाळ कोसळलं बाप्पा? आमच्याकडे नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ भाजत्या दिवसांत, माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून मोटरसायकलीवर लग्नं गाठत फिरतात, अन् हा एसीसाठी रडून राहिला. पण ती गाडी मी माझ्यासाठी घेतलीच नव्हती. जुनी, दुसऱ्याच्या हातची, डाव्या दाराला पोचा पडलेली ती गाडी म्हणजे माझ्या बायकोचे पाय होते.

तिला नसांचा आजार आहे. नागपूरच्या डॉक्टरने आधी माझा धंदा विचारला अन् मग मला माझ्याच भाषेत समजावलं. तारेवरचं व्हार्निश जागोजागी उडालं की मोटर थंड असेपर्यंत कशीबशी चालते अन् तापली की शॉर्ट होते ना, तसंच यांच्या नसांचं. हिवाळ्यात ती भिंतीला धरून का होईना, गॅसपाशी जाते, तुळशीपाशी जाते, शेजारणीशी भांडूनही येते. अंग तापलं की मात्र पाय चिंध्यांचे होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं, हातातला पेला सुटतो. अंग थंड केलं की हळूहळू परत येते. म्हणून होळीपासून मृगापर्यंत ती कूलरच्या एका खोलीत काढते. कुठे न्यायचंच झालं तर मी गाडी दाराशी लावतो, एसी सुरू करून आतली हवा गार करतो, मग तिला उचलून बसवतो.

अन् नेमक्या त्याच दिवसांत तिकडे एकोडीला तिच्या बापाने अंथरूण धरलं. मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊजी, बाबानं जेवण सोडलं. दिवसभर एकच लावून ठेवलं हाये, बाई आली का, बाई आली का." बाई म्हणजे माझी बायको. आमच्याकडे बाप लेकीला बाई म्हणतो. तीन लेकांच्या पाठीवर झालेली ती एकटी लेक, त्या म्हाताऱ्याने तिला खांद्यावर बसवून धानाच्या बांधीत पाळीपाळीवरून, बांधाबांधावरून फिरवलेली.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "मले बाबाले एक डाव पाहाचं हाये. माह्या हातानं पाणी पाजाचं हाये. बस, दुसरं काही नाई मांगत."

मी म्हटलं, "दोन दिवस दे. थंडगार नेतो तुले."

दोन दिवस! किती सहज बोलून गेलो. मला आजही तो माझा आवाज ऐकू येतो अन् स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तपासायला बसलो. बटण दाबलं की पुढे इंजिनापाशी कट् असा आवाज यायला पाहिजे, तो येत नव्हता. फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, दोन्ही ठीक. मग सरळ बॅटरीवरून तार आणून कॉम्प्रेसरला लावली. कट् झालं खरं, पण त्याच्याबरोबर पट्ट्याने अशी किंकाळी फोडली की शेजारचे बाहेर आले. इंजिन थरथरलं, जळक्या रबराचा वास सुटला. गाडी बंद करून कॉम्प्रेसरचं तोंड हाताने फिरवून पाहिलं तर हलायला तयार नाही. जाम. गॅस दाबणारा पंपच आतून चावला गेला होता. पाइप खोलला तर तेल काळंकुट्ट, अन् बोटावर घेतलं तर त्यात चांदीसारखा चुरा. हा चुरा कशाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. धातू धातूला खाऊन गेला होता.

कारणही सापडलं. गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते, जिला कंडेन्सर म्हणतात, ती धानाच्या फोलाने अन् लाखोरी डाळीच्या कुटाराने, भुशाने गच्च भरलेली. आमच्याकडे पीक निघालं की लोक सडकेवर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मळणी करून देतात, शेतकऱ्याचं काम फुकटात होते. मीही सगळ्यांच्या पिकावरून गाडी नेलेली. नाही नेली तर लोक ओरडतात, काहून भाऊ, आमच्या लाखोरीवरून जाले लाज वाटते का? तो सगळा भुसा जाळीने ओढून घेतला होता. जाळीला वारा लागेना, दाब वाढत गेला अन् कॉम्प्रेसरचा जीव गेला. इतकं सगळं मी एका सकाळी शोधून काढलं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्या थोपटण्यातच सगळा सत्यानाश होता.

भंडाऱ्यात एसीचं काम करणारा एक होता. त्याला फोन केला. लग्नसराई, गाड्यांची रांग, चार दिवसांनंतर आणा म्हणाला. "चार दिवस? मी बोअरची मोटर चार तासात करतो," असं मी त्यालाच सुनावलं. त्या बिचाऱ्याचा माझ्या बोअरशी काय संबंध!

संध्याकाळी मेहुण्याने परत फोन केला. त्याच्या दोस्ताकडे चांगली एसी गाडी आहे, उद्या पाठवतो, बहिणीला घेऊन जातो म्हणाला. मी भडकलो. म्हटलं, "जवायाच्या दारात गाडी पाठवता? माह्या घरची बाई माह्याच गाडीत येईल. काम चालू हाये." "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. जावयाशी जास्त बोलता येत नाही आमच्याकडे, अन् हे मला पक्कं ठाऊक होतं.

बायकोने ते ऐकलं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "नाईतं पहाटे तीन-चारले निघून जाऊ ना. खिडक्या उघड्या टाकून. थंड असते तवा."

"तवाही गरमच वारा असते. अन् तिथं जाऊन दिवसभर काय करशील? त्या कवेलूच्या छपराखाली भाजून निघशील. वापस कशी येशील?"

"वापस नंतर पाहता येईल."

"पाहता येईल म्हणे! मी म्हणून राहिलो ना दोन दिवस!" मी ताट सरकवलं. मी आवाज चढवला की ती बोलत नाही, पहिल्यापासून. ती घाबरते असं नाही. तिला माझ्यावर दया येते बहुतेक.

दुसऱ्या दिवशी बसने नागपूरला जाऊन कॉम्प्रेसर घेऊन आलो. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, जुना आतून फुटला असेल तर सगळी लाइन धुवावी लागते, जाळीसकट, नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला खाईल. त्यासाठी धुवायचं खास औषध येतं, ते घेऊन जा. शिवाय ड्रायर बदला. ड्रायर म्हणजे गॅसमधला ओलावा शोषून घेणारी एक डबी. ड्रायर मी घेतला. औषध घेतलं नाही. पाइप धुवायला औषध? मला हसू आलं. अरे, आम्ही शेतात अख्खी पाइपलाइन धुतो, कशाने धुतो? लोकांना भीती दाखवायची अन् डबे खपवायचे, शहराचा धंदाच तो. असं मी बसमध्ये बाजूच्या माणसालाही ऐकवलं. त्यानेही मान डोलावली. आपल्या मूर्खपणाला मान डोलावणारा माणूस बसमध्ये मिळतोच.

तर जाळी खोलून काढली. बाहेरचा भुसा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला. भुसा गेला, जाळी आरशासारखी झाली. बाहेरून पाणी चालते तर आतून काहून नाही चालणार? शेतातल्या पाइपात कचरा अडकला की आपण काय करतो, मोटरचा जोर लावून पाणी सोडतो. विहिरीच्या मोटरचा पाइप जाळीच्या तोंडात कोंबला अन् पाणी सोडलं. दुसऱ्या तोंडातून आधी काळं, मग राखाडी, मग स्वच्छ पाणी आलं. ओंजळीत धरून पाहिलं, एक कण नाही. इतका खूश झालो की बायकोला हाक मारून खिडकीतून दाखवलं.

आता वाळवायचं. आमच्या गावात वाळवणं कुणी कुणाला शिकवत नाही. धानाला दोन उन्हं दाखवली की धान वाळतो. दाणा दाताखाली धरायचा, कट् वाजला की पोत्यात भरायचा. नवतप्याचं ऊन, लोखंडाला हात लावला तर कातडी निघते असं. जाळी आंगणात पाटावर ठेवली अन् तिला दोन उन्हं दाखवली. पाइप दाखवले. अन् मी शहाण्याने त्या ड्रायरची बुचं काढून त्यालाही जाळीच्या बाजूला मांडून ठेवलं, म्हणजे तोही आणखी कोरडा होईल! ओलावा शोषणारी ती डबी दोन दिवस, दोन रात्री उघडी पडून गावभरचा ओलावा पीत बसली, अन् मी जाता-येता तिला हात लावून म्हणत होतो, वा, चांगली तापली.

धान उघडा असतो, पसरलेला असतो, म्हणून वाळतो. जाळीच्या आत सुईएवढ्या वाटा, शंभर वळणं. तिथे ऊन कुठून जाणार? आता कळते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते माझ्यासारख्यासाठीच.

ते दोन दिवस एकोडीहून फोन येत राहिले. म्हाताऱ्याने दोन घोट दूध घेतलं. म्हाताऱ्याने ते पण सोडलं. बाई आली का? बायको प्रत्येक वेळी मला विचारायची नाही, नुसती माझ्याकडे पाहायची, अन् मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "झालंच."

दोन उन्हं झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं बसवलं. आता आतली हवा ओढून काढायची अन् गॅस भरायचा. त्यासाठी गावातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो त्याचा व्हॅक्यूमचा पंप अन् काट्याचं मीटर घेऊन आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्याच दुकानात कधीकाळी स्क्रू आवळायला शिकलेला. पंप लावता लावता त्याने सहज विचारलं, "काका, जाळी कायनं धुतली?"

त्याच्या विचारण्यावरूनच मला कळलं की या प्रश्नाचं एक उत्तर चुकीचं आहे, अन् ते चुकीचं उत्तर माझ्याजवळ आहे. पाणी म्हटलं असतं तर तो हसला असता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात झालं असतं, मोटरवाल्यानं एसीत पाणी भरलं.

"हवा मारली," मी म्हटलं. "टायरवाल्या कॉम्प्रेसरची."

"मंग ठीक हाये. अर्ध्या तासात होऊन जाते."

हे ते खोटं. दोन शब्दांचं.

अर्धा तास पंप चालला, काटा खाली गेला अन् खालीच राहिला. गॅस भरला. बटण दाबलं. कट्! काय गोड आवाज होता तो. पाच मिनिटांत डॅशबोर्डच्या जाळ्यांतून असा गार वारा आला की माझ्या घामेजल्या हातावर काटा उभा राहिला. मी आरडाओरडा करत घरात गेलो. तेवढ्यात बायको फोन कानाला लावून बसलेली दिसली. मेहुणा सांगत होता, बाबाले दम लागला, डॉक्टरनं हात टेकले, असाल तसे निघा.

पहाटेची वाट पाहायला वेळच नव्हता. अकरा वाजले होते. तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, उशी दिली, पाण्याची बाटली दिली. तिने त्या गार वाऱ्यापुढे तोंड धरलं अन् म्हणाली, "खरंच केलं जी तुमी." त्या सगळ्या दिवसांत ती एकदाच हसली ती तेव्हा. मला वाटलं, जिंकलो.

भंडाऱ्यापर्यंत काही झालं नाही. हायवेला लागलो अन् थोड्या वेळाने वारा कोमट झाला. मला वाटलं, भास. मग गरम झाला. बाजूला थांबवून झाकण उघडलं, सगळं फिरत होतं, पट्टा ठीक, कॉम्प्रेसर ठीक. दहा मिनिटं बंद ठेवून परत लावला तर परत गार! निघालो. पंधरा मिनिटांनी परत गरम. परत थांबलो. परत गार. तिसऱ्यांदा गरम झाला तेव्हा मी स्टेअरिंग धरून बसलो होतो अन् मला सगळं लख्ख समजलं. गॅस जिथून आत सुटतो तिथे एक बारीक भोक असतं. तिथे तो एकाएकी बर्फासारखा थंड होतो. त्याच्यात पाण्याचा थेंब असला तर त्याचा तिथेच बर्फ होतो अन् भोक बुजतं. बंद करून थांबलं की वितळतं, चालू केलं की परत बुजतं. माझ्या विहिरीचं पाणी. आत बर्फ जमून राहिला होता अन् मागच्या सीटवर माझी बायको भाजून राहिली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाई. होते." हे दुसरं खोटं.

लाखनीच्या अलीकडे तिच्या हातातून बाटली सुटली. पाणी सीटवर सांडलं. तिला ती उचलता येईना. आरशात पाहिलं तर मान एका बाजूला कलंडलेली, तोंड लालबुंद. मी दुपट्टा ओला करून तिच्या डोक्यावर टाकला, रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा मागून घेतला, तिच्या हातापायांवर फिरवला. ती एवढंच म्हणत होती, "चाला ना. चाला. थांबू नोका." अन् गाडी थांबवल्याशिवाय थंड होत नव्हती, अन् थांबलं की वेळ जात होता. अशी कात्री मी आयुष्यात पाहिली नाही, अन् ती मीच, माझ्याच हाताने, घासून धार लावून बनवली होती.

लाखनीत एका दवाखान्यात शिरलो. डॉक्टरने तिला थंड खोलीत घेतलं, ओल्या चादरी टाकल्या, सलाइन लावली. मी म्हटलं, साहेब, साकोलीच्या पुढे फक्त एकोडीपर्यंत जायचं आहे, जवळच आहे. तो म्हणाला, "ऊन उतरल्याशिवाय मी यांना हलू देणार नाही." मी तिथे ओरडलो, भांडलो, मग भिंतीला टेकून खाली बसलो.

मेहुण्याचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. म्हणाला, "भाऊजी, बाईले दाखवा. बाबा अजून हायेत." मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिकडे खाट दिसत होती, भोवती माणसं, अन् मधोमध तो म्हातारा, तोंड उघडं, छाती वरखाली होत असलेली. ती पाहत राहिली. डोळे बारीक केले, मोठे केले. मग माझ्याकडे तोंड करून लहान पोरासारखं विचारलं, "मले दिसून नाई राहिलं. सारं पांढरं दिसते. यात बाबा कोणते हायेत?"

मी तिचं बोट हातात धरून काचेवर ठेवलं. "हे पाहा, इथं."

ती त्या काचेवरून बोट फिरवत होती अन् "बाबा, मी आली, मी आली," म्हणत होती. तिचं बोट लागून फोन बंद झाला. परत लावला तेव्हा मेहुणा रडत होता. तिच्या भावजयीने तिच्या नावाने म्हाताऱ्याच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही पोचलो ते दुसऱ्याच्या गाडीत. मयत दिवस मावळायच्या आत न्यावी लागते, लोक तरी किती थांबतील. खाट रिकामी होती. मेहुण्याने बहिणीला उचलून आत नेलं. माझ्याजवळून जाताना तो एवढंच म्हणाला, "भाऊजी, गाडी पाठवतो म्हटलं होतं मी." त्याच्यात राग नव्हता. राग असता तर मी दोन शब्द बोललो असतो.

तेरवी झाल्यावर मी फ्रिजवाल्याला बोलावलं अन् सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही. अजिबात हसला नाही. म्हणाला, "काका, तवाच सांगितलं असतं तं ड्रायर नवा टाकला असता, दिवसभर पंप लावून ठेवला असता. एका दिवसाचं काम होतं." मग त्याने ते केलं. औषधाने धुतलं, ते बारीक भोक असलेला व्हॉल्व्ह बदलला, नवा ड्रायर शेवटच्या मिनिटाला बूच काढून बसवला, दिवसभर पंप चालवला. बैल गेला अन् झोपा केला.

एसी आता असा चालतो की काचेवर बाहेरून दव येते. दुरुस्त झाला त्याच दिवशी मी गाडी दाराशी लावली, हवा गार केली, बायकोला उचलून बसवलं अन् भर दुपारी बसस्टँडपर्यंत नेऊन परत आणलं. एकदाही गरम झाला नाही. काय वेडेपणा, मला आनंद झाला होता. मी मागे वळून म्हटलं, "पाहा, कशी बर्फासारखी केली."

ती गार वाऱ्यात हात धरून बसली होती. रागावली नव्हती, खरोखर विचारत होती.

"आता कुठं नेता जी मले?"

मी चावी फिरवून गाडी बंद केली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, अन् आतली हवा हळूहळू तापायला लागली तेव्हा मी तिला उचलून घरात नेलं.